नांगर थांबवण्याआधी जमीन झाका

विना नांगरणी शेतीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न हमखास येतो: नांगरट केली नाही तर पीक पूर्वीइतके येईल का? बाकी काहीही न बदलता फक्त नांगर थांबवला, तर बहुधा येणार नाही. २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ६३ देशांतील ४८ पिकांवरचे ६१० अभ्यास एकत्र तपासणारा लेख प्रसिद्ध झाला. नांगरट बंद केलेल्या रानात उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी कमी भरल्याचे त्यात दिसले. त्याच लेखातली दुसरी नोंद मात्र आपल्या कोरडवाहू पट्ट्यासाठी अधिक मोलाची आहे. कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, नांगरट थांबवण्याबरोबरच पिकाचे अवशेष रानातच राखले आणि पिकांची फेरपालट केली, तिथे उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढले.

या दोन आकड्यांमधला फरकच या लेखाचा विषय आहे. नांगर थांबवणे ही या पद्धतीतली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. त्याआधी जमीन झाकायची तयारी हवी, तणांची ओळख हवी आणि पिकाची मुळे जमिनीत राखण्याची सवय हवी. ही तयारी नसताना ज्यांनी नांगर सोडला, त्यांचे रान तणाने भरले आणि दुसऱ्याच वर्षी ते पुन्हा ट्रॅक्टरकडे वळले. तसे होऊ नये म्हणून काय करायचे, ते क्रमाने पाहू.

नांगरट जमिनीचे काय करते

नांगरलेली जमीन भुसभुशीत दिसते, पेरणी सोपी होते, तण गाडले जाते. हे फायदे खरे आहेत, पण ते थोड्या दिवसांचे आहेत. उघड्या, मोकळ्या मातीवर मृगाचा टपोरा थेंब आदळला की मातीचे कण फुटतात. बारीक कण पृष्ठभागावरच्या छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. पुढचा पाऊस मुरत नाही, तो माती घेऊन वाहतो. ओढ्याला येणारे पहिले गढूळ पाणी म्हणजे आपल्या रानाचा सर्वांत सुपीक थर असतो.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. माती उलथली की आतल्या सेंद्रिय पदार्थाला भरपूर हवा मिळते, जिवाणू तो झपाट्याने खाऊन टाकतात आणि त्यातला कर्ब वायू होऊन उडून जातो. आपल्याकडच्या उष्णतेत हा वेग आणखी वाढतो. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली दिसतो, त्यामागे हे मोठे कारण आहे. पिकाच्या मुळांभोवती वाढणाऱ्या उपयुक्त बुरशीचे धागेही प्रत्येक पाळीत तुटतात. या बुरशीतून ग्लोमॅलिन नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ सारा राइट यांनी तो १९९६ मध्ये ओळखला. मातीचे कण एकत्र बांधून कणीदार रचना घडवण्यात या पदार्थाचा मोठा वाटा असतो. बुरशी टिकली नाही तर जमीन वरून मऊ आणि आतून घट्ट होत जाते.

तिसरे नुकसान खाली दडलेले असते. दर वर्षी त्याच खोलीवर फिरणारा फाळ किंवा रोटाव्हेटरची पाती आणि वर ट्रॅक्टरचे वजन, यांमुळे वीतभर खाली एक कडक थर तयार होतो. मुळे तिथे अडून आडवी पसरतात, पाणीही तिथेच अडते. मग जोराचा पाऊस झाला की पीक पिवळे पडते आणि पंधरा दिवसांची उघडीप मिळाली की तेच पीक माना टाकते.

आपल्या काळ्या जमिनीला तर नांगराची गरज आपण समजतो त्याहून कमी आहे. तिच्यातली चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात पडणाऱ्या खोल भेगांतून वरची माती आत जाते, हवा आत जाते. ही जमीन दर वर्षी आपली मशागत बऱ्याच अंशी आपणच करत असते. हलक्या आणि घट्ट बसणाऱ्या तांबड्या जमिनीचे तसे नाही. तिथे आच्छादनाशिवाय विना नांगरणीचा विचारही करू नये.

महाराष्ट्रात हे घडले आहे

ही पद्धत जगाला नवी नाही. ब्राझीलमधल्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने जमिनीच्या धुपेला कंटाळून १९७२ मध्ये न नांगरलेल्या रानात सोयाबीन पेरले आणि तिथून ती देशभर पसरली. २०१५-१६ पर्यंत जगात सुमारे १८ कोटी हेक्टरवर अशी शेती होत होती. मात्र तिथली अवजारे, तिथली शेते आणि तिथला पाऊस वेगळा. आपल्याला उपयोगी पडेल ते काम आपल्याच मातीत झाले आहे.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत भातासाठी एसआरटी पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडायची, त्यात भाताचे बी आणि खत टोकायचे. राब भाजणे नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे आणि बुडखे जमिनीतच ठेवायचे आणि त्याच वाफ्यांवर पुढचे पीक टोकायचे. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायकांचे कष्ट यात थेट कमी झाले, हे या पद्धतीचे मोठे देणे आहे. पुढे हीच पद्धत कापूस, सोयाबीन, मका, हरभरा अशा पिकांत विदर्भ-मराठवाड्यापर्यंत गेली.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी ऊसपट्ट्यात वेगळ्या वाटेने हेच केले. भूसूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास करत त्यांनी उसाची खोडकी आणि मुळे जागेवरच कुजवायला सुरुवात केली, नांगरणी थांबवली आणि आपले अनुभव सातत्याने लिहून शेतकऱ्यांपुढे मांडले. बाहेरून आणून टाकलेल्या खतापेक्षा जमिनीत जागच्या जागी कुजणारी मुळे जास्त टिकाऊ खत देतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

या दोन्ही कामांत आणि जगभरच्या अनुभवात तीच तीन सूत्रे दिसतात: जमीन कमीत कमी हलवा, ती बारमाही झाकलेली ठेवा, पिके बदलत राहा. एक सूत्र पाळून दोन सोडली तर फायदा मिळत नाही. सुरुवातीला दिलेल्या आकड्यांचा अर्थ तोच आहे.

आधी आपली जमीन तपासा

सगळे शेत एकदम या पद्धतीखाली आणू नका. एकरभर तुकडा निवडा, आणि तो नेहमी डोळ्यांसमोर असेल, वाटेवर असेल असा निवडा. निवडण्याआधी पुढच्या तपासण्या करा. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली तपासणी सळईची. चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की एक लोखंडी सळई हाताच्या जोराने दहा-बारा ठिकाणी खोवून पाहा. ती सगळीकडे त्याच खोलीवर अडत असेल तर खाली कडक थर आहे. असा थर असेल तर जमीन कोरडी असताना एकदा सबसॉयलर फिरवा, किंवा पहिल्या वर्षी त्या तुकड्यात तुरीसारखे खोल मुळांचे पीक घ्या. थर न फोडता नांगरट थांबवली तर तो थर तसाच राहतो आणि दोष पद्धतीवर येतो.

दुसरी तपासणी ढेकळाची. शेतातले लिंबाएवढे वाळलेले ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचे तेवढेच ढेकूळ घ्या. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून ती अलगद सोडा. बांधावरचे ढेकूळ बराच वेळ टिकते, शेतातले बहुधा काही मिनिटांत विरघळते. माती तीच असते, फक्त एक हलवली गेलेली नसते. हीच तपासणी दर वर्षी त्याच महिन्यात करा. पद्धत काम करते आहे का, याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

तिसरी तपासणी तणांची. तुकड्यात हरळी, कुंदा किंवा लव्हाळा असेल तर तिथे सुरुवात करू नका. ही बहुवार्षिक तणे जमिनीखालच्या गाठी, कांड्या आणि कंदांतून वाढतात, आणि नांगरट थांबली की त्यांना मोकळे रान मिळते. त्यांचा बंदोबस्त आधीच्या उन्हाळ्यात करा: जमीन तापू द्या, काश्या वेचून बाहेर काढा, गरज पडली तर ही शेवटची खोल नांगरट समजून करा.

पाणी साचणारी, निचरा नसलेली जमीन आणि चोपण जमीनही पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. चोपण जमिनीत आधी जिप्सम मातीत मिसळून सुधारणा करावी लागते. उताराच्या शेताला बांधबंदिस्ती आधी हवी. जोडीला माती परीक्षण करून घ्या आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा वहीत लिहून ठेवा.

पहिला हंगाम: वाफे एकदाच, पण नीट

कोकणातल्या भातखाचरापासून मराठवाड्यातल्या सोयाबीनपर्यंत बहुतेक ठिकाणी गादीवाफा किंवा रुंद वरंबा-सरी हाच या पद्धतीचा भरवशाचा पाया ठरतो. पाऊस जास्त झाला की सरीतून निचरा होतो, पाऊस कमी झाला की त्याच सरीत ओल धरते. शिवाय माणसांची, बैलांची, यंत्राची चाल सरीपुरती राहते आणि मुळांची जागा तुडवली जात नाही.

मे महिन्यात किंवा वळवाच्या पावसानंतर जमीन तयार करून सुमारे साडेचार फुटांवर सऱ्या पाडा. वरचा माथा साधारण तीन-सव्वातीन फूट रुंद आणि सपाट राहील असे पाहा. शेणखत, कंपोस्ट जे काही उपलब्ध असेल ते वाफे करतानाच घाला, कारण नंतर ते मिसळण्याची संधी मिळणार नाही. रेषा सरळ ठेवा. हे वाफे अनेक वर्षे टिकवायचे आहेत, म्हणून या एका कामात घाई करू नका.

पेरणी टोकण पद्धतीने करा. एकरभर क्षेत्राला साचा किंवा मानवचलित टोकण यंत्र पुरते. क्षेत्र वाढवल्यावर न नांगरलेल्या जमिनीत चालणारे पेरणी यंत्र भाड्याने मिळते का, ते कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजार बँकेत विचारा. टोकण केल्याने बी कमी लागते आणि योग्य खोलीवर पडते. दोन रोपांतले अंतर मात्र तुमच्या वाणाच्या शिफारशीप्रमाणेच ठेवा. बीजप्रक्रिया चुकवू नका. आच्छादनाखालची जमीन सुरुवातीला थोडी थंड आणि ओलसर असते, त्यामुळे बी आणि रोप कुजण्याचा धोका वाढतो.

तणाची लढाई पहिल्या चाळीस दिवसांत

विना नांगरणी शेती यशस्वी होते किंवा फसते ती तणावर. इथेच सर्वाधिक लक्ष द्या.

पहिली गोष्ट, वळवाच्या पावसावर उगवलेले तण पेरणीआधी मारा. ते वरवर खरडा, कापा किंवा उपटा, पण माती उलथू नका. जमिनीच्या वरच्या बोटभर थरातले बी असे उगवून संपले की नंतरचा त्रास बराच हलका होतो. माती उलथली तर खाली दबलेले बी पुन्हा वर येते आणि सगळे काम वाया जाते.

दुसरी गोष्ट, पीक लहान असतानाचे पहिले पाच-सहा आठवडे रान स्वच्छ ठेवा. भातात चिखलणी आणि साचलेले पाणी नसल्याने तणाला आळा घालणारा जुना आधार गेलेला असतो. तिथे हे आणखी महत्त्वाचे. पिकाने वाफा झाकला की पुढचे तण सावलीत कमजोर पडते.

तिसरी गोष्ट, एकाही तणाला बी धरू देऊ नका. बांधावरचे गाजरगवत, सरीतला केना, वाफ्याच्या कडेची दुधाणी फुलोऱ्याआधी कापा आणि वाफ्यावरच आच्छादन म्हणून पसरा. बी पडणे थांबले आणि माती हलवणे थांबले की दोन-तीन हंगामांत वर्षायू तणांचा जोर ओसरू लागतो. म्हणूनच सुरुवातीच्या खुरपणीचा खर्च सोसायचा असतो.

तणनाशकाबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. अनेक शेतकरी या पद्धतीत कापणीनंतरचे बुडखे आणि तण मारायला ग्लायफोसेट वापरतात. आपल्या देशात त्याची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचनाही काढली होती. नियम बदलत असतात, म्हणून खरेदीआधी कृषी सहायकाकडून सद्यःस्थिती समजून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही सगळी शेती एका तणनाशकावर टांगून ठेवू नका. ब्रश कटर, विळा, ताग किंवा चवळीसारखे दाट वाढणारे आच्छादन पीक आणि वेळेवरची खुरपणी यांची जोड हवीच. पिकातले उगवणपूर्व तणनाशक वापरायचे असेल तर लेबलावर तुमच्या पिकाचे नाव आहे का ते पाहा, जमिनीत ओल असतानाच मारा, फ्लॅट फॅन नोझल वापरा आणि तणनाशकाचा पंप कीटकनाशकासाठी वापरू नका. परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे कोणी आग्रहाने देऊ केले तरी घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि फसवणूक झाली तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

फवारणी करणाऱ्या माणसाच्या तोंडाला मास्क, हातात मोजे आणि अंगभर कपडे असलेच पाहिजेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कोणत्याही पद्धतीचा फायदा माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही.

कापणी: उपटू नका, कापा

सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा उपटण्याची सवय अनेक भागांत आहे. ती सोडावी लागेल. जमिनीलगत कापा आणि मुळे आत राहू द्या. ही मुळे कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या तयार होतात. त्यांतून पाणी आत जाते, हवा खेळते, पुढच्या पिकाची मुळे त्याच वाटेने खोल उतरतात आणि गांडुळांनाही खायला मिळते. नांगराने जी पोकळी आपण दर वर्षी पैसे देऊन विकत घेतो, ती अशी फुकट आणि जास्त टिकाऊ मिळते.

वरच्या काडीचे काय करायचे, हा खरा पेच आहे. कुटार, कडबा, भुसा हा जनावरांचा चारा आहे आणि त्याला बाजारात भावही आहे. सगळे रानातच ठेवा असे सांगणे गोठ्यात जनावरे असलेल्या शेतकऱ्याला व्यवहार्य नाही. म्हणून वाटणी करा: मुळे आणि खालची वीतभर धसकटे जमिनीची, वरचा भाग जनावरांचा. मळणीतले खराब कुटार, गळलेला पाला आणि शेंगांची टरफले परत वाफ्यावर पसरा. बांधावर गिरीपुष्प लावा. त्याचा कोवळा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून मिळतो, लवकर कुजतो आणि नत्रही देतो. दोन ओळींच्या मध्ये ताग टोकून फुलोऱ्याआधी कापून तिथेच आडवा केला तर बाहेरून काहीच आणावे लागत नाही. आग मात्र कशालाही लावू नका.

कापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची रीत गावात असेल तर आच्छादन चार दिवसांत संपेल आणि वाफेही तुडवले जातील. शेजाऱ्यांशी आधी बोला. शक्य असेल तर लागून शेते असलेल्या तीन-चार जणांनी मिळून सुरुवात करा. राखण सोपी होते आणि यंत्र भाड्याने आणणेही परवडते.

पिकानुसार थोडे वेगळे

सोयाबीनवर हरभरा: सुरुवातीला ही जोडी सर्वांत सोयीची. सोयाबीन कापून उचलले की मधली मशागत न करता त्याच वाफ्यावर, धसकटांच्या मधल्या जागेत हरभरा टोका. नांगरट आणि पाळ्यांत जाणारे दिवस वाचतात, आणि माती न उलथल्याने परतीच्या पावसाची ओलही उडून जात नाही. कोरडवाहू हरभऱ्याला ही ओलच शेवटपर्यंत पुरवायची असते.

भात: कापणीनंतर वाल, हरभरा, मूग, चवळी यांपैकी एक कडधान्य लगेच टोका. खाचर उन्हाळाभर उघडे पडत नाही आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी पुढच्या भाताला नत्र देतात.

कापूस: गुलाबी बोंडअळीचे संकट लक्षात घेता फरदड घेऊ नका. हंगाम संपला की पऱ्हाटी लगेच काढायची आहे, पण उपटायची नाही. अगदी जमिनीलगत, पहिली दोन दले जिथे फुटली होती त्या खुणेच्या खाली कापा, म्हणजे बुडखा पुन्हा फुटत नाही. कापलेली पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून पसरा. उभी किंवा ढीग घातलेली पऱ्हाटी, आणि तिच्यावर राहिलेली किडकी बोंडे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीला दिलेला आसरा.

ऊस: तोडणीनंतर पाचट जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत बसवा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि कुजण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने पाचट असलेल्या खोडव्यात बुडखे छाटणे, मुळे छाटणे आणि खत पेरणे ही कामे एकत्र करणारे यंत्र तयार केले आहे. ऊस उत्पादकांनी ते जरूर पाहावे.

हळद, आले, बटाटा, भुईमूग ही पिके काढताना जमीन हलतेच. ती घेऊ नका असे नाही. काढणीनंतर वाफे नीट करून त्यावर लगेच दाट पीक घ्या.

खत आणि कीड: दोन सावधगिरी

काडीमध्ये कर्ब जास्त आणि नत्र कमी असते. भात, गहू, ज्वारीची काडी कुजवताना सूक्ष्मजीव जमिनीतले नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक काही आठवडे फिकट दिसते. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता चुकवू नका. तृणधान्यानंतर कडधान्य घेतले तर ही अडचण बरीच कमी होते. पिकासाठीचा युरिया आच्छादनावर नुसता फेकू नका, त्यातले नत्र हवेत उडते. खत रोपाशेजारी भोकात किंवा चरीत देऊन मातीने झाका. स्फुरद तर जागचे हलत नाही, ते मुळांजवळच पडले पाहिजे.

आच्छादनाचा आसरा गांडुळांना मिळतो तसा गोगलगायींना आणि उंदरांनाही मिळतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. अशा भागात पेरणीनंतरचे तीन आठवडे रोज सकाळी फेरी मारा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाच्या कडेने टाका आणि त्याखाली जमलेल्या गोगलगायी मोजे घालून वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात नष्ट करा. रोपे लहान असेपर्यंत त्यांच्या बुडाशी आच्छादन दाट ठेवू नका. हुमणीसाठी उन्हाळी नांगरट बंद झाल्यावर भुंग्यांवर लक्ष केंद्रित करा. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी ते कडुलिंब आणि बाभळीवर जमतात. प्रकाश सापळे लावा, फांद्या हलवून भुंगे गोळा करा. हे काम एकट्याने करून भागत नाही, गावाने मिळून करायचे असते.

हिशेब वहीत ठेवा आणि तीन हंगाम थांबा

पहिल्या वर्षी उत्पादन थोडे घटू शकते. म्हणून दोन वेगळे हिशेब ठेवा. नेहमीच्या शेतासाठी नांगरट, मोगडा, रोटाव्हेटर, पाळ्या, पेरणी, डवरणी असा प्रत्येक कामाचा तुमच्या गावचा दर लिहा. प्रयोगाच्या तुकड्यासाठी वाफे, टोकण, खुरपणी, फवारणी, आच्छादनाची मजुरी लिहा. उत्पादनाबरोबर पेरणीची तारीख, पावसाच्या खंडात पीक कधी कोमेजले ती तारीख, आणि जोराच्या पावसानंतर सरीतले पाणी किती गढूळ होते, हेही लिहा. केवळ क्विंटल मोजले तर अर्धाच हिशेब होतो. हातात काय उरले आणि रानात काय उरले, हे दोन्ही मोजा.

कडक थर पुन्हा दिसला, हरळी हाताबाहेर गेली किंवा वाफे पार बसले, तर त्या तुकड्यापुरती एकदा नांगरट करायला हरकत नाही. गरज असताना नांगर वापरणे आणि रीत म्हणून दर वर्षी नांगरणे यांत मोठा फरक आहे.

येत्या खरिपाआधी इतके करा: एक एकर निवडा, सळईने आणि ढेकळाने तपासा, हरळी-लव्हाळा काढा, वाफे पाडा, बांधावर गिरीपुष्प लावा आणि जवळपास ही शेती करणाऱ्या शेतकऱ्याचे रान पावसाळ्यात जाऊन पाहा. मग त्या एकरावर लागोपाठ तीन खरीप हीच पद्धत टिकवा. नांगर केव्हाही परत जुंपता येतो, वाहून गेलेली माती मात्र आपल्या आयुष्यात परत येत नाही. म्हणून निर्णय घाईने घेऊ नका, पण सुरुवात पुढच्या वर्षावरही ढकलू नका.